आईनं सोडलेला फणस

माझी आई फणस विकत घेत नसे, त्याची मुलाखत घेत असे. चैत्र सरता सरता तंजावरात कीळवासलच्या बाजारात फणसांचे ढीग लागले की ती कॉफी पिऊन, केस नीट बांधून, बऱ्यापैकी साडी नेसून निघायची. मागे मी, पिशवी घेऊन. फणस पिशवीत मावत नाही हे तिला ठाऊक होतं, पण बाजारात जाताना बाईमाणसाचे हात रिकामे दिसू नयेत असं तिचं मत होतं.

ढिगासमोर ती आधी नुसती उभी राहायची. मग एखाद्या फणसाजवळ टेकून त्याचे काटे बघायची. काटे टोकदार आणि एकमेकांना चिकटून असले की तो कोवळा. त्याला सोडून पुढे. काटे पसरून बोथट झाले असले आणि मधली साल पिवळट दिसू लागली असली की त्याच्याशी पुढचं बोलणं. मग तळहातानं थोपटायचं आणि कान लावायचा. टणटण वाजला की नापास. ढोलकीवर ओलं कापड टाकून थाप मारावी तसा ढब आवाज आला की ती माझ्याकडे बघून एक भुवई उचलायची. सर्वांत शेवटी देठाशी नाक. एवढं होईपर्यंत फणसवालीचा धीर सुटलेला असे.

"अम्मा, फणस घेताय की मुलीचं लग्न ठरवताय?" ती तमिळमध्ये ओरडायची.

"जावई वाईट निघाला तर घरातल्या घरात रडता येतं," आई तमिळमध्येच उत्तर द्यायची. "फणस वाईट निघाला तर अख्ख्या गल्लीला कळतं."

मला बघायला आलेल्या मुलांनाही तिनं असंच थोपटलं, कान लावला आणि एकेकाला परत पाठवलं. मी बिनलग्नाची राहिले. काही मुलं नंतर कशी निघाली ते कानावर आलं तेव्हा मी तिच्यासाठी मुद्दाम बादशाही हलवा आणला होता.

निवडलेला फणस रिक्षातून, माझ्या मांडीवर बसून यायचा आणि उतरताना माझ्या साडीचे दोनचार धागे घेऊन उतरायचा. मागच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर त्याला देठ वर करून उभं करायचं. लवकर पिकायला हवा असेल तर वर गोणपाट. थोपवायचा असेल तर गोणपाट काढून खिडकी उघडी. त्या खोलीत तेव्हा दुसरं फळ ठेवायचं नाही. एकदा मी कच्च्या केळ्यांची फणी तिथं ठेवली आणि ती बघता बघता पिवळी झाली. भाजीची केळी गेली म्हणून आईनं मला फैलावर घेतलं आणि मग तीच केळी बसून आनंदानं खाल्ली.

आता अप्पा. माझ्या वडिलांना फणसाच्या वासानं डोकं चढायचं. फणस घरात असला की ते पेपर घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर मुक्काम हलवायचे. पण तो फोडायचे तेच. धोतरासारखी वेष्टी गुडघ्यावर खोचून, उघड्या अंगानं, कोपरापर्यंत खोबरेल चोपडून, समोर जुने पेपर पसरून ते असे बसायचे की आता कुणीतरी तंबोरा जुळवायला घेईल. नाकानं श्वास घ्यायचा नाही म्हणून तोंड उघडं. पहिला गरा सुटला की त्यातली आठळी काढून तो आईच्या हातावर. ती समोर पाट टाकून हात पुढे करून बसलेलीच असायची. डोळे मिटून खायची. ते बघत राहायचे. "कसा आहे?" ते विचारायचे. "गोड आहे हो," ती म्हणायची. त्या दोघांनी एकमेकांशी प्रेमाचं म्हणून काही बोललेलं मी ऐकलं असेल तर एवढंच.

अप्पा गेले ते ज्येष्ठात. वर्ष झाल्यावर आम्ही काशी आणि गया केली. आई, माझा थोरला भाऊ अण्णा आणि मी.

गयेला पिंडदान झाल्यावर एक फळ आणि एक भाजी सोडायची रीत आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं आवडीचं काहीतरी टाकायचं आणि जन्मभर पुन्हा तोंडात घालायचं नाही. आमच्या तंजावरच्या मराठी मंडळींनी, आणि तमिळ मंडळींनीही, यातून फार सुबक वाट काढली आहे. जे आवडत नाही ते सोडायचं. आमच्या ओळखीत कारलं सोडून आलेल्यांचं एक गाव वसवता येईल. अण्णानं गाडीत बसल्यापासून ठरवलं होतं: फळांत नासपती, भाज्यांत नवलकोल. मी ड्रॅगन फ्रूट म्हणाले. ते मी तोवर कधी चाखलंही नव्हतं. तिथल्या पंड्यानं दोनदा विचारलं की हे नक्की फळच ना.

मग आईची पाळी आली. गाडीत आम्ही तिला सफरचंद पढवून ठेवलं होतं, कारण सफरचंदानं तिचे दात शिवशिवत. ती हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "फणस."

"आई!" अण्णा तिच्या कानाशी पुटपुटला. "सफरचंद म्हण गे. अजून वेळ आहे."

"झालं बोलून," आई म्हणाली. "चल, भूक लागली."

का, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

त्यानंतर दर ज्येष्ठात अप्पांचं श्राद्ध यायचं, ऐन फणसाच्या भरात. श्राद्धाच्या स्वयंपाकाला आमच्याकडे बटाटा, टोमॅटो, कोबी, गाजर यांतलं काही चालत नाही. कच्ची केळी, कारलं, पडवळ, गवार, रताळं अशा जुन्या भाज्याच. त्या सगळ्या आई स्वतः निवडून आणायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पानावर आंबा, केळं आणि फणस ही तिन्ही फळं हवीत असा तिचा आग्रह. फणस तर तिथीच्या दिवशीच पिकला पाहिजे. ती थोपटायची, कान लावायची, गोणपाट घालायची, काढायची. अण्णा चेन्नईहून यायचा आणि अप्पांच्या जागी बसून फणस फोडायचा. ब्राह्मण जेवायचे, आम्ही जेवायचो, गल्लीत वाटे जायचे. आई त्या वासात बसून शांतपणे ताकभात खायची. तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का म्हणून मी दरवर्षी बघायचे. नाही दिसायचं.

मग आई विसरू लागली.

सुरुवात भाजीपासून झाली. एकदा पडवळ सापडेना. ते तिच्या कपाटात, दोन रेशमी साड्यांच्या मधे निघालं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, टोकं मोकळी, घडी कशी अगदी नीट. पद्धत बिनचूक होती, नुसती जागा चुकली होती. मी खूप हसले, तीही हसली. पुढे गल्लीतली माणसं विसरली, अण्णाची मुलं विसरली. मी ओरत्तनाडूच्या कचेरीतली नोकरी मुदतीआधी सोडली आणि घरी बसले. एका सकाळी तिनं मला विचारलं, "अप्पा कुठे गेले गे?"

मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "तिरुवैयारूला."

अप्पा जन्मभर तिथल्या शाळेत शिकवायला बसनं जात-येत. तिला ते पटलं. तेव्हापासून अप्पा रोज तिरुवैयारूला असत.

यंदा उन्हाळ्यात तिचं खाणं सुटलं. भात पुढे केला की तोंड फिरवायची. इडली कुस्करून दुधात दिली, तर ती गालात धरून बसायची. खांद्यांची हाडं ब्लाउजमधून वर आली. डॉक्टर म्हणाले, जे मागेल ते द्या, आता पथ्य कसलं. आणि मागायची ती एकच गोष्ट. बाजारात फणस आले होते, शेजारच्या मामींकडे एक फुटला होता, भिंतीवरून वास येत होता.

"आपण नाही आणला फणस?" ती विचारायची. पुन्हा थोड्या वेळानं, "फणस नाही आणला?"

मी अण्णाला फोन केला.

"नक्को," अण्णा म्हणाला. "ती तिथं अप्पांच्या नावानं बोलली आहे. ती विसरली म्हणून आपणही विसरायचं काय? मग आठवणार कुणाला?"

"जिनं सोडला ती बाई आता या घरात नाही रे अण्णा. ही दुसरीच आहे. हिनं काही सोडलेलं नाही. ही फक्त उपाशी आहे."

"तुला अस्की गोष्टींत चेष्टाच सुचते."

"चेष्टा नाही. तू ये आणि तिचे खांदे बघ."

"इतकी वर्षं एक गरा तोंडात घातला नाही तिनं. तुझ्या-माझ्यासारखं नवलकोल नाही सोडलं. ते सगळं आपण तिच्या हातून मोडायचं? मरताना आठवलं तिला तर?"

मी फोन ठेवला, पण पटलं नव्हतं. एवढ्याशा गऱ्यानं मोडेल असं जे काही पुण्य वर जमा झालं असेल ते मोडू दे, असं मला वाटत होतं. मला ती भात चावताना हवी होती.

श्राद्ध जवळ आलं. फणस आणायला या खेपेला मी एकटीच गेले. फणसवाली माझ्या मागे बघत राहिली. "मोठ्या अम्मा?" तिनं विचारलं. बरं नाही, मी म्हणाले. मी थोपटलं, कान लावला. खरं सांगायचं तर मला सगळे सारखेच वाजले. एक उचलला आणि देवाचं नाव घेतलं.

आदल्या दिवशी अण्णा आला. त्यानं आईचे खांदे पाहिले आणि तिचा पदर ओढून नीट केला. संध्याकाळी मी फणसाचा विषय काढला तेव्हा तो अंगणात जाऊन उगीचच तुळशीला पाणी घालू लागला.

श्राद्धाच्या दिवशी मी आईला न्हाऊ घालून, स्वच्छ साडी नेसवून मधल्या खोलीत बसवलं. घरी पूजा आहे, एवढंच सांगितलं. भटजी आले होते, ब्राह्मण यायचे होते. स्वयंपाक जवळजवळ झाला होता. ब्राह्मणांचं जेवण होईपर्यंत त्या घरात कुणी दाणासुद्धा चाखायचा नसतो, म्हणून मी मीठसुद्धा अंदाजानं घातलं होतं. मागच्या पडवीत अण्णा पेपर पसरून फणस फोडत होता. अंघोळ केलेला, वेष्टी खोचलेली, उघडं अंग, कोपरापर्यंत खोबरेल. केस पिकल्यापासून तो अप्पांसारखा दिसू लागला आहे. आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही.

मी पळी घेऊन वळले तर आई भिंतीला धरून धरून पडवीपर्यंत आलेली. मी हाक मारायच्या आत ती अण्णाच्या समोर खाली बसली आणि तिनं हात पुढे केला.

"अहो," ती म्हणाली, "किती वेळ लावलात. कधीची वाट बघतेय."

अण्णाचे हात थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला जे बोलायचं होतं ते मी फोनवर बोलून चुकले होते. आईचा हात तसाच पुढे. तो तिला फार वेळ वर धरवत नव्हता. अण्णानं हातातल्या गऱ्यातली आठळी काढली, गऱ्याची एक बारीक पट्टी फाडली आणि तिच्या तळव्यावर ठेवली.

तिनं डोळे मिटले आणि चावायला सुरुवात केली. नीट चावत होती, भराभर, जिवंत माणसासारखी. मला हसू फुटलं. अण्णाच्या ओठांवर 'कसा आहे' आलं असावं, पण त्याला ते विचारवलं नाही.

मग तिचा जबडा थांबला.

डोळे उघडले. तिनं घास जिभेनं पुढे आणून तळव्यावर काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. "हा मी सोडला होता," ती म्हणाली. आवाज जुना होता, बाजारातला. मग तिनं अण्णाकडे पाहिलं. "तू होय." पाटावर काढून ठेवलेलं दर्भाचं पवित्रक पाहिलं, माझ्या मागे मांडलेल्या केळीच्या पानांकडे पाहिलं, तिळाच्या वाटीकडे पाहिलं.

"म्हणजे ते गेले," आई म्हणाली. "कधी?"

"वर्षं झाली, आई," अण्णा म्हणाला.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

तिनं हे ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती फार हळू बोलली. मला वाटलं होतं की फणस तिला नुसता गोड लागेल. पण तिनं तो आणि अप्पांचं जाणं एकाच गाठोड्यात बांधून ठेवलं होतं. मी एकच बाहेर काढायला निघाले होते.

ती रडली ती बातमी आत्ताच आल्यासारखी. अप्पा गेले तेव्हा आम्ही तिला धरून होतो, आणि तेव्हा ती इतकी रडली नव्हती; घर माणसांनी भरलं होतं, कुणाला कॉफी पोहोचली नाही हेही तीच बघत होती. या वेळी बघायला काही नव्हतं. अण्णा तेलाच्या हातांनी तिला धरू बघत होता आणि ती त्याचे हात दूर करत होती. भटजी पडवीच्या दारात आले, एकदा बघितलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले. मग उष्टं लागलं म्हणून अण्णानं पुन्हा अंघोळ केली. श्राद्ध उशिरा सुरू झालं. आई शेवटपर्यंत बसून होती, सांगावं न लागता नमस्कार केला, पिंडांकडे बघत राहिली. दुपारी तिनं ताकभाताचे दोन घास खाल्ले, आणि ते मी तिला भरवायला गेले तर माझ्या हातून वाटी घेऊन स्वतः खाल्ले.

संध्याकाळी दिवा लावला तेव्हा तिनं विचारलं, "अप्पा आले का गे?"

"यायचे आहेत," मी म्हणाले.

"माझे डोळे का चुरचुरतायत?"

"कांदा चिरला ना मी."

श्राद्धाच्या घरात त्या दिवशी कांदा नसतो. ते तिच्या लक्षात आलं नाही.

सकाळी मी उठले तर अण्णा स्वयंपाकघरात उभा. समोर उरलेल्या गऱ्यांचं पातेलं. गडबडीत आम्ही गल्लीत वाटे पाठवायचे विसरलो होतो आणि आता सगळं घर गोड वासानं भरलं होतं.

"उठली की मागेल," अण्णा म्हणाला. "देऊन टाकू."

"तू म्हणतोयस?"

"काल चावत होती गे. पाहिलंस ना, कशी चावत होती? थोडं रडेल. मग विसरेल. पोटात तरी जाईल."

"नाही."

"तूच तर म्हणत होतीस, उपाशी आहे म्हणून."

"काल म्हणत होते."

"मग मोडलं ते मोडलंच की आता. माझ्या हातानं मोडलं."

"अण्णा," मी म्हणाले, "ती पुन्हा विचारेल, मला कुणी सांगितलं नाही. रोज विचारेल. तू चेन्नईला जाशील."

तो पातेल्याकडे बघत राहिला. आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला. जागी होत होती. शेजारी नेऊन द्यायचं तर तिच्या खोलीवरून जावं लागलं असतं. मी अण्णाकडे पाहिलं, अण्णानं माझ्याकडे. मग त्यानं एक गरा उचलून तोंडात टाकला. मीही टाकला. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, एकाला मधुमेह, आणि आम्ही पातेल्यावर वाकून चोरांसारखे खात होतो. आठळ्या मी एकेक करून मुठीत घेत होते, आवाज होऊ नये म्हणून. फणस फार गोड होता. माझ्या हातून निवडलेला पहिला फणस, आणि मी तो रडत रडत, गिळायच्या घाईनं खात होते. अण्णाच्या हनुवटीवरून रस आणि पाणी एकत्र गळत होतं. तो मधेच थांबला, पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, "यापेक्षा मला सोडलेली नासपती परवडली असती." मला तोंड दाबून हसावं लागलं.

शेवटचे काही गरे उरले तेव्हा दारात आई उभी होती.

"कसला वास गे?"

अण्णाचं तोंड भरलेलं. त्यानं मान हलवली.

"काय खाताय चोरून?" ती म्हणाली. आम्हा दोघांना तिनं ओळखलं की नाही, कळलं नाही. पण चोरी ओळखली. "हात दाखव."

अण्णानं हात पुढे केला. तिनं तो धरला, उलटा केला, चिकट बोटं निरखली आणि मग तळवा नाकाशी नेला. तशीच उभी राहिली. मी पातेल्याच्या आणि तिच्या मधे उभी होते. माझ्या मुठीत आठळ्या होत्या. माझं सगळं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं, तिथं काही हलतंय का म्हणून.

"गोड होता?" तिनं अण्णाला विचारलं.

अण्णानं घास गिळला. "होता," तो म्हणाला.

"मग बरं," आई म्हणाली, आणि त्याचा हात सोडून कॉफी मागू लागली.